गॅसचं बिल अचानक दुप्पट का येतं? स्वयंपाकघरातला मीटर नेमकं काय आणि कसं मोजतो?

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर दोन महिन्यांनी एक मेसेज हमखास येतो. 'या वेळी कुणाकुणाला पाईप गॅसचं बिल जास्त आलंय?' मग कुणी फोटो टाकतं, कुणी 'मीटर फास्ट आहे' म्हणतं, कुणी 'पाईपमध्ये हवा भरून येते, तीच मोजतात' असं ठणकावून सांगतं. शेवटी चर्चा पार्किंगवर घसरते आणि बिल भरलं जातं.

ज्याच्या आकड्यावर हे बिल निघतं, तो राखाडी डबा मात्र सिंकच्या वर किंवा ड्राय बाल्कनीच्या भिंतीवर गप्प बसलेला असतो. त्याला वीज लागत नाही आणि बहुतेक घरांत त्याच्याकडे कुणी बघतही नाही.

हा डबा गॅस कसा मोजतो? तो चुकू शकतो का? आणि बिल जास्त वाटलं तर घरच्या घरी काय तपासता येतं?

सिलिंडर वजनावर, मग पाईप गॅस कशावर?

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो एलपीजी असतो. तो द्रवरूपात भरलेला असल्यामुळे काट्यावर ठेवून वजन करता येतं. पाईपमधून येणारा नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो वायुरूपातच वाहत येतो, त्यामुळे त्याचं वजन करणं घरच्या पातळीवर शक्य नाही. म्हणून तो आकारमानावर, म्हणजे किती जागा व्यापली यावर मोजतात.

त्याचं एकक आहे घनमीटर. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच अशा खोक्यात मावेल तेवढा वायू म्हणजे एक घनमीटर, अर्थात १,००० लिटर. बोलताना याला अनेक जण 'युनिट' म्हणतात, पण विजेचं युनिट वेगळं आणि हे वेगळं.

अंदाज यावा म्हणून एक तुलना. एका भरलेल्या सिलिंडरमध्ये जेवढी उष्णता असते, तेवढी मिळवण्यासाठी साधारण १७ ते १८ घनमीटर नैसर्गिक वायू लागतो. रोज अर्धा घनमीटर वापरणाऱ्या घराचा दोन महिन्यांचा वापर ३० घनमीटर होतो. म्हणजे पावणेदोन सिलिंडरच्या आसपास.

डब्याच्या आत काय असतं?

आपल्याकडे घरोघरी दिसणारा मीटर 'डायफ्रॅम' प्रकारचा असतो. डायफ्रॅम म्हणजे लवचिक पडदा. पूर्वी तो चामड्याचा असे, आता कृत्रिम रबराचा असतो.

हार्मोनियमचा भाता आठवा. भाता उघडला की हवा आत येते, मिटला की बाहेर जाते. आता कल्पना करा की भाता हाताने हलवायचा नाहीये. उलट, आत शिरणारा वायूच त्याला हलवतोय आणि प्रत्येक उघडझाप कुणीतरी मोजतंय. गॅस मीटर म्हणजे ढोबळमानाने हेच.

डब्याच्या आत दोन कप्पे असतात. प्रत्येक कप्प्याच्या मधोमध एक पडदा असतो. म्हणजे दोन कप्प्यांच्या चार खोल्या झाल्या. पाईपमधून आलेला वायू एका खोलीत शिरतो आणि पडद्याला पलीकडे ढकलतो. पलीकडच्या खोलीत आधीच भरलेला वायू त्यामुळे शेगडीकडे ढकलला जातो. पडदा टोकाला पोहोचला की वर बसवलेली झडप सरकते आणि दिशा उलटते. आता दुसरी खोली भरू लागते आणि पहिली रिकामी होते.

दोन पडदे कशाला? एकच पडदा असता तर तो टोकाला पोहोचल्यावर प्रवाह क्षणभर थांबला असता आणि ज्योत फडफडली असती. मीटर तिथेच अडकण्याचीही शक्यता होती. म्हणून दोन्ही पडदे एकमेकांच्या थोडे मागेपुढे चालतात. एक टोकाला असतो तेव्हा दुसरा मध्यावर, ऐन वेगात असतो. त्यामुळे गॅस सलग मिळत राहतो.

प्रत्येक खोलीचं आकारमान ठरलेलं असतं. त्यामुळे चारही खोल्या एकदा भरून रिकाम्या झाल्या की किती गॅस गेला, हे पक्कं माहीत असतं. घरगुती मीटरमध्ये हे माप साधारण एक लिटरच्या आसपास असतं. नेमका आकडा मीटरच्या पाटीवर 'व्ही' या अक्षरासमोर छापलेला असतो. पडद्यांची हालचाल दांड्या आणि दातेरी चाकांमधून वरच्या आकड्यांपर्यंत पोहोचते आणि आकडा पुढे सरकतो.

म्हणजे हा मीटर गॅसचा वेग मोजत नाही, अंदाजही बांधत नाही. दूधवाला मापाने दूध घालतो, तसा तो गॅस मापाने भरून ओतत राहतो आणि मापं मोजतो.

याला वीज का लागत नाही?

कारण काम गॅसचा दाबच करतो. रस्त्याखालच्या प्लास्टिकच्या पाईपमध्ये दाब बराच जास्त, साधारण चार बारपर्यंत असतो. इमारतीपर्यंत आणि मग घरापर्यंत येताना तो रेग्युलेटरमधून टप्प्याटप्प्याने कमी केला जातो. शेगडीजवळ तो असतो अवघा २१ मिलिबार, म्हणजे वातावरणाच्या दाबापेक्षा सुमारे दोन टक्केच जास्त. त्यातलाही अगदी थोडा दाब मीटर पडदे हलवण्यासाठी वापरतो.

शेगडी बंद असेल तर गॅसला पुढे जायला वाट नसते. दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि पडदे जागच्या जागी थांबतात. मीटर थांबतो तो यामुळे. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

ही कल्पना किती जुनी आहे?

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये कोळशापासून बनवलेल्या गॅसवर दिवे लागू लागले, तेव्हा मीटर नव्हते. तुमच्याकडे दिवे किती आणि ते किती तास लावणार, यावर पैसे ठरत. ठरलेल्या वेळेनंतरही दिवा जळत राहिला तर कंपनीला पत्ता लागणं कठीण होतं.

सॅम्युएल क्लेग या इंग्लिश इंजिनीयरने १८१५ च्या सुमारास पाण्यात फिरणाऱ्या पिंपाचा मीटर बनवला. पण पाणी थंडीत गोठायचं आणि एरवी उडून जायचं. १८४० च्या दशकात टॉमस ग्लोव्हर यांनी दोन पडद्यांचा कोरडा मीटर आणला. आज आपल्या भिंतीवर असलेला मीटर त्याचाच वंशज आहे. साहित्य बदललं, अचूकता वाढली, पण तत्त्व तेच राहिलं.

मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले ते १८६० च्या दशकात. तो गॅस कोळशाचा होता. आज पाईपने येणारा नैसर्गिक वायू मुंबईत महानगर गॅस लिमिटेड, तर पुण्यात महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेड ही कंपनी पुरवते.

मीटरवरचे आकडे कसे वाचायचे?

मीटरच्या पट्टीवर सहसा पाच काळे आणि तीन लाल आकडे असतात. काळे आकडे पूर्ण घनमीटर दाखवतात. लाल आकडे दशांश चिन्हानंतरचे, म्हणजे लिटर दाखवतात. सगळ्यात उजवीकडचा लाल आकडा एकेक लिटर मोजतो.

समजा मागचं रीडिंग ०१३४२ आणि लाल आकडे ३८६ होते. आता ०१३७० आणि ९१२ आहेत. बिलासाठी फक्त काळे आकडे घेतात. १३७० वजा १३४२, म्हणजे २८ घनमीटर. लाल आकडे सोडल्याने नुकसान होत नाही, कारण उरलेला गॅस पुढच्या बिलात आपोआप मोजला जातो.

स्वतः रीडिंग कळवताना सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे लाल आकडेही काळ्यांना जोडून पाठवणं. मीटरचा फोटो काढताना काळे आकडे, लाल आकडे आणि मीटर क्रमांक असं सगळं एकाच फ्रेममध्ये येऊ द्या. मीटर क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी जुळतोय ना, हेही पाहा. एका मजल्यावरचे किंवा डक्टमधले मीटर शेजारीशेजारी असतील तर हे विशेष महत्त्वाचं.

मग बिल अचानक दुप्पट कसं होतं?

बऱ्याचदा कारण मीटरच्या आत नसतं, रीडिंगच्या वेळापत्रकात असतं.

मीटर घराच्या आत असेल आणि रीडिंग घ्यायला आलेल्या माणसाला कुलूप दिसलं, तर अंदाजाने बिल निघतं. समजा तुमचा खरा वापर दर दोन महिन्यांना ३० घनमीटर आहे. मागच्या खऱ्या बिलात रीडिंग १४०० होतं. पुढच्या वेळी घर बंद होतं, म्हणून २० घनमीटरचा अंदाज धरून रीडिंग १४२० मानलं गेलं. खरं तर मीटर तेव्हा १४३० वर होता. त्यानंतर दोन महिन्यांनी खरं रीडिंग घेतलं, तेव्हा मीटरवर १४६० दिसले. बिल आलं १४६० वजा १४२०, म्हणजे ४० घनमीटरचं.

२० वरून थेट ४०. ग्रुपवर मेसेज जातो, 'बिल डबल!' प्रत्यक्षात मागच्या वेळी न मोजलेले १० घनमीटर या वेळी वसूल झालेले असतात.

इथे एक गोष्ट तपासायला हवी. काही ठिकाणी दर टप्प्यांचे असतात, म्हणजे जास्त वापराला जास्त दर. चार महिन्यांचा वापर एकाच बिलात गोळा झाला तर काही युनिट नाहक वरच्या टप्प्यात जाऊ शकतात. तसं झालं असेल तर वापर दोन्ही कालावधींत विभागून देण्याची मागणी करा. आणि बिलावर रीडिंग 'प्रत्यक्ष' आहे की 'अंदाजित', हा शब्द आधी शोधा.

दुसरं कारण गीझर. शेगडीचा दोन किलोवॅटचा एक बर्नर पूर्ण आचेवर तासाला साधारण २०० लिटर गॅस घेतो. मिनिटाला सहा लिटर गरम पाणी देणारा गॅस गीझर मात्र तासाला १,००० ते १,२०० लिटर घेतो. म्हणजे दहा मिनिटांची अंघोळ आणि एक बर्नर तासभर पेटवणं जवळपास सारखंच. हिवाळ्यात चार माणसांच्या घराचं बिल वाढलं तर आधी बाथरूमकडे पाहावं.

तिसरं कारण दर आणि कर. नैसर्गिक वायू जीएसटीत येत नाही, त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. महाराष्ट्रात तो १ एप्रिल २०२२ पासून १३.५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणण्यात आला. पण गॅसचा मूळ दर बदलत असतो. त्यामुळे दोन बिलांची तुलना रुपयांत करू नका, घनमीटरमध्ये करा.

'पाईपमधून हवा येते' यात तथ्य आहे का?

पाईपमध्ये गॅस दाबाने भरलेला असतो. बाहेरची हवा त्यात सहसा शिरत नाही. पण या तक्रारीच्या आसपास एक खरा प्रश्न आहे. तो हवेचा नाही, तापमानाचा आणि दाबाचा आहे.

वायू तापला की पसरतो. दाब कमी झाला तरी पसरतो. म्हणजे तेवढाच गॅस उन्हाळ्यात जास्त जागा व्यापतो. साधा डायफ्रॅम मीटर फक्त जागा मोजतो. गॅस गरम आहे की थंड, दाट आहे की विरळ, हे त्याला कळत नाही.

म्हणूनच गॅसचा दर 'स्टँडर्ड घनमीटर'साठी ठरवतात. बिलावर याला 'एससीएम' म्हणतात. स्टँडर्ड म्हणजे १५ अंश सेल्सियस तापमान आणि समुद्रसपाटीवरचा प्रमाण दाब, अर्थात १.०१३२५ बार.

आता गणित करू. मुंबईत मीटरमधला गॅस ३० अंशांवर असेल तर १५ अंशांच्या तुलनेत तो सुमारे पाच टक्के फुगलेला असतो. उलट २१ मिलिबारच्या जास्तीच्या दाबामुळे तो सुमारे दोन टक्के दाटही असतो. दोन्ही मिळून मीटरवरचे १०० घनमीटर म्हणजे साधारण ९७ स्टँडर्ड घनमीटर.

पुण्यात आणखी एक घटक येतो, उंची. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर आहे आणि तिथला हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास कमी असतो. रेग्युलेटर गॅसचा दाब नेहमी बाहेरच्या हवेच्या तुलनेत ठेवतो. त्यामुळे तापमान सारखं असेल तर पुण्यातल्या एका घनमीटरमध्ये मुंबईपेक्षा तेवढाच कमी गॅस मावतो.

याचा अर्थ लगेच 'फसवणूक' असा होत नाही. रस्त्याखालून येणारा गॅस अनेकदा बाहेरच्या हवेपेक्षा थंड असतो, तर उन्हात तापलेल्या भिंतीवरच्या पाईपमधला गरम असतो. काही मीटरमध्ये तापमानानुसार आकडा आपोआप सुधारण्याची सोय असते. काही ठिकाणी बिल काढताना रीडिंगला गुणक लावून दुरुस्ती करतात. तुमच्या बिलात काय होतं, हे पाहणं सोपं आहे. दोन रीडिंगमधला फरक आणि आकारलेले एससीएम हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवा. ते सारखे असतील तर दुरुस्ती बिलात लावलेली नाही. वेगळे असतील तर मधला गुणक कोणता, हे कंपनीला विचारता येतं.

मीटर स्वतः चुकू शकतो का?

हो, पण किती, याला मर्यादा ठरवलेल्या आहेत. घरगुती वापराच्या नव्या मीटरसाठी प्रचलित आंतरराष्ट्रीय मानकानुसार नेहमीच्या प्रवाहात चूक दीड टक्क्यापेक्षा जास्त असू नये. अगदी कमी प्रवाहात तीन टक्क्यांपर्यंत चालते. दीड टक्का म्हणजे ३० घनमीटरमागे अर्ध्या घनमीटरहूनही कमी. त्यामुळे बिल दुप्पट झालं तर मीटरची साधी चूक हे कारण असण्याची शक्यता कमीच.

मीटर जुना झाला की पडदा कडक होतो, ताणला जातो किंवा त्याला बारीक चीर पडते. झडपाही झिजतात. चीर पडली तर काही गॅस न मोजताच पुढे जातो. म्हणजे जुना मीटर नेहमी ग्राहकाचंच नुकसान करतो असं नाही. बऱ्याचदा तो कंपनीच्या विरोधात चुकतो. पण पडदा आक्रसला तर प्रत्येक माप छोटं होतं आणि आकडा खऱ्यापेक्षा जास्त पळतो.

वजनमापांसाठी देशात २००९ चा वैध मापनशास्त्र कायदा आहे. गॅस मीटरची वापरापूर्वी तपासणी आणि मुद्रांकन सक्तीचं करणाऱ्या नियमांचा मसुदा केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२५ मध्ये मांडला होता. भाजीवाल्याच्या वजनकाट्यावर सरकारी शिक्का लागतो, मग महिन्याच्या बिलाचा आकडा ठरवणाऱ्या मीटरवर का नको, असा त्यामागचा साधा विचार आहे.

घरच्या घरी करता येतील अशा दोन चाचण्या

पहिली चाचणी, मीटर थांबतो का? शेगडी आणि गीझर पूर्ण बंद करा, मुख्य कॉक मात्र चालू ठेवा. लाल आकड्यांचा फोटो काढा. तासाभराने पुन्हा काढा. शेवटचा लाल आकडा जागचा हलता कामा नये. हलला, तर मीटरनंतर कुठेतरी गॅस निसटतोय. कॉक बंद करून कंपनीला कळवा. मात्र आकडा हलला नाही म्हणजे गळती नाहीच, असं समजू नका. फार बारीक गळती मीटरला जाणवत नाही. सांध्यांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का, हेही पाहा.

गॅसचा वास येत असेल तर ही चाचणी करत बसू नका. मुख्य कॉक बंद करा, खिडक्या उघडा, विजेचं कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका, काडी पेटवू नका. घराबाहेर पडून कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. तो क्रमांक बिलावर असतो, आजच मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्याने वर जातो, एलपीजी जड असल्याने खाली साचतो. त्यामुळे पाईप गॅसच्या घरात छताजवळची हवा बाहेर जाण्याची वाट मोकळी हवी.

दुसरी चाचणी, मीटर जास्त पळतो का? एकच बर्नर पूर्ण आचेवर १५ मिनिटं चालू ठेवा. बर्नर दोन किलोवॅटचा असेल तर लाल आकडे साधारण ५० ने पुढे जायला हवेत. बर्नर लहान असेल तर कमी, मोठा असेल तर जास्त. ही प्रयोगशाळेची चाचणी नाही, पण ५० च्या जागी १०० दिसले तर मीटर तपासून घेण्याची लेखी मागणी करायला तुमच्याकडे ठोस कारण असेल. दाद मिळाली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करता येते.

स्मार्ट मीटर आले तर काय बदलेल?

बऱ्याच मीटरमध्ये शेवटच्या आकड्याच्या चाकात छोटा चुंबक बसवलेला असतो. चाक फिरलं की तो बाहेर लावलेल्या यंत्राला इशारा देतो आणि रीडिंग दूरवर पाठवता येतं. त्याहून नवे अल्ट्रासॉनिक मीटर पडदे वापरतच नाहीत. ते गॅसमधून ध्वनिलहरी दोन्ही दिशांना पाठवतात. प्रवाहाच्या दिशेने जाणारी लहर आधी पोहोचते, उलट जाणारी उशिरा. या वेळेच्या फरकावरून प्रवाह कळतो.

अशा मीटरमुळे 'दार बंद होतं, म्हणून अंदाजे बिल' ही सबब संपेल. पण त्यांना बॅटरी लागते. आणि आकडा थेट कंपनीकडे जात असला, तरी तो पडताळून पाहण्याची गरज संपत नाही.

तोवर सगळ्यात स्वस्त उपाय हातातच आहे. दर महिन्याच्या एक तारखेला मीटरचा एक फोटो. पुढच्या वेळी ग्रुपवर 'बिल डबल' असा मेसेज आला, की तुमच्याकडे अंदाज नसेल, आकडा असेल.